तीन सासरे आणि एक किल्ली: मोठं झाल्यावर आईबापाचा मान राखायचा कसा

लग्नाला दीड वर्ष झालं असेल तेव्हा मी घराचं कुलूप बदललं आणि आईला सांगितलंच नाही. तिच्याकडे एक किल्ली असायची, अडीअडचणीला म्हणून दिलेली, पण अडचण नसतानाही ती यायची, आम्ही दोघं कामावर असताना कपाटं लावून जायची, आणि एकदा तर बायकोच्या नावाचं बँकेचं पाकीट फोडून, वाचून, परत टेबलावर ठेवून गेली. बायको म्हणत राहिली तू बोल, मी हो हो करत राहिलो, आणि शेवटी बोलायचं सोडून कुलूपवाल्याला बोलावलं. पुढच्या शनिवारी मी नेमका घरात होतो. बाहेरून किल्ली घातल्याचा आवाज आला, ती फिरेना, तिने काढली, परत घातली, परत काढली. असं तीनदा. आणि मी आत, दारापासून चार पावलांवर, नुसता उभा.

मग उघडलं दार. पण ती तीनदा फिरवलेली किल्ली अजून कानात आहे. बाउंड्री हवी होती हे बरोबरच होतं, ती ज्या पद्धतीने घातली ते साफ चुकलं. ज्यांना आईबापाचा मानही राखायचाय आणि स्वतःचं घरही नीट चालवायचंय त्यांनी निदान कुलूपवाल्याला पहिला फोन करू नये म्हणून हे लिहितोय.

आधी आज्ञा काय म्हणते ते नीट वाचा

बायबलमधलं निर्गम 20:12, दहा आज्ञांतली पाचवी (कॅथलिक आणि लूथरन मोजणीत ती चौथी येते, आज्ञा तीच). तिथे सांगितलंय आईबापाचा मान राख. मूळ हिब्रू शब्द आहे कब्बेद, आणि त्याच्या मुळाशी वजन आहे, जड असणं. मराठीत आपण म्हणतोच की अमक्याच्या शब्दाला वजन आहे, तेच. आईबापाच्या शब्दाला वजन द्यायचं, हवेत उडवायचा नाही. पण एखाद्याच्या शब्दाला वजन आहे म्हणजे दरवेळी निकाल त्याच्याच बाजूने लागतो असं थोडंच असतं?

"आज्ञेत राहा" हे वेगळ्या ठिकाणी येतं, इफिस 6:1 मधे, आणि ते मुलांना उद्देशून आहे. ती अजून वाढवली जाणारी मुलं आहेत हे चौथ्या वचनावरून कळतं, कारण लगेच बापांना सांगितलंय की मुलांना चिडीस आणू नका, प्रभूच्या शिस्तीत वाढवा. पस्तिशीतल्या माणसाला कोणी वाढवत नसतं (काहींना अजून वाढवायची गरज असते तो भाग वेगळा). कॅथलिक चर्चचा 1992 चा धर्मशिक्षण ग्रंथ तर 2217 व्या परिच्छेदात स्पष्टच म्हणतो की मुलं स्वतंत्र झाली की आज्ञापालनाचं बंधन संपतं, आदराचं कधीच संपत नाही. आणि प्रोटेस्टंट बाजूला हायडेलबर्गची प्रश्नोत्तरी, 1563 ची, तिच्या 104 व्या प्रश्नात आईबापाच्या उणिवा धीराने सोसायला सांगितल्यात. उणिवा असणार हे तेव्हाच धरून चाललेत म्हणजे, आपल्यालाच दरवेळी नव्याने धक्का बसतो.

त्यात उत्पत्ती 2:24 जोडा, पुरुष आईबापाला सोडून बायकोशी जडून राहील. येशूने हे मत्तय 19 मधे परत सांगितलं, प्रेषित पौलाने इफिस 5 मधे. म्हणजे सोडणं आणि मान राखणं ही दोन्ही देवाचीच वचनं आहेत, एकाने दुसरं खोडत नाही. लग्न झालं नाही तरी मोठा माणूस मोठाच असतो, स्वतःच्या निर्णयाचा हिशेब त्यालाच द्यायचाय, त्यामुळे बिनलग्नाच्यांनी हे आपल्यासाठी नाही असं समजून पुढे जाऊ नका.

तुमच्यासमोर कोण बसलंय ते ओळखा

बायबलमधे मला तीन सासरे सापडले. सासरा म्हणजे लग्नाने मिळालेला बापच, आणि या तिघांशी त्यांचे जावई तीन वेगवेगळ्या अंतरावरून वागतात. मला हा हिशेब फार उपयोगी पडला.

पहिला इथ्रो, मोशेचा सासरा, निर्गम 18. तो भेटायला येतो, मोशे बाहेर जाऊन त्याला नमन करतो, मुका घेतो, तंबूत नेतो. दुसऱ्या दिवशी इथ्रो बघतो की जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे न्यायनिवाडे करतोय, आणि तोंडावर सांगतो, तू करतोस ते बरं नाही, थकून जाशील, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. पण शेवटी एक वाक्य जोडतो, 23 वं वचन बघा, देवाने तुला तशी आज्ञा केली तर. सल्ला पूर्ण दिला, निर्णय मोशेवर आणि देवावर सोडला, आणि मग आपल्या देशी परत गेला. असे आईबाप असतील तर त्यांच्यासमोर बाउंड्री बाउंड्री करत बसू नका. सल्ला विचारायला जा, वही घेऊन जा. मी बऱ्याच जणांना बघितलंय, आई नुसती "स्वेटर घातलास का" म्हणाली तरी यांची बाउंड्री ओलांडली जाते.

दुसरा लाबान, याकोबाचा सासरा, आणि आपल्यातल्या बहुतेकांचं दुखणं इथलं. वीस वर्षं याकोब त्याच्याकडे राबला, चौदा दोन मुलींसाठी आणि सहा कळपासाठी, आणि दहा वेळा मजुरी बदलली असं याकोब स्वतः म्हणतो. शेवटी तो काय करतो? लाबान मेंढरं कातरायला गेलेला असताना, न सांगता, बायकापोरं घेऊन निघून जातो. माझं कुलूपच हे, अगदी तेच. का पळालास विचारल्यावर उत्तर देतो, मला भीती वाटली. आणि लाबान इतका लबाड, तरी त्याची तक्रार वाचा उत्पत्ती 31:28 ची, माझ्या मुलीनातवंडांचा मुकाही मला घेऊ दिला नाहीस. ती तक्रार खरी आहे. न सांगता घातलेल्या बाउंड्रीत असंच होतं, समोरच्याची चूक कितीही मोठी असो, त्याच्या हातात एक खरी तक्रार आपणच देतो.

सात दिवस पाठलाग करून लाबान गिलादच्या डोंगरात त्याला गाठतो, दोघांचं कडाक्याचं भांडण होतं, वीस वर्षांचं सगळं बाहेर पडतं, आणि मग ते दगडांची रास रचतात. मी ही रास ओलांडून वाईट करायला तुझ्याकडे येणार नाही, तू माझ्याकडे येऊ नकोस. "वाईट करायला" हे शब्द महत्त्वाचे, भेटायला येऊ नको असं तिथे कुठेच नाही. लाबानही आपली अट घालतो, माझ्या मुलींना जाचशील तर खबरदार, म्हणजे हद्द दोन्ही बाजूंनी असते, आईबापालाही स्वतःची असू शकते (दर शनिवारी नातवंडं सांभाळायला जमणार नाही म्हणाले तर तोंड वाकडं करू नका). आणि त्या राशीपाशीच ते एकत्र बसून जेवतात. सकाळी लाबान मुलीनातवंडांचे मुके घेतो, आशीर्वाद देतो, घरी जातो. त्या राशीचंच एक नाव मिस्पा, आणि तिथलंच ते वचन, परमेश्वर तुझ्यामाझ्यावर नजर ठेवो, जे लोक प्रेमाने लॉकेटवर कोरून घेतात. मुळात ते दोन एकमेकांवर भरवसा नसलेल्या माणसांचं बोलणं आहे, पण असो.

तिसरा शौल, दावीदाचा सासरा, त्याच्याकडे खाली येतो. एवढं लक्षात ठेवा की एकच बाप सोमवारी इथ्रो आणि बुधवारी लाबान असू शकतो, त्यामुळे माणसावर शिक्का मारू नका, त्या त्या विषयापुरतं ठरवा. माझी आई मुलांच्या आजारपणात शंभर टक्के इथ्रो आहे आणि किल्लीच्या बाबतीत लाबान होती.

बोलायचं कसं

आधी घरात एकमत करा. नवराबायकोचं ठरलं नसताना आईबापाशी बोलायला गेलात तर आई दोन मिनिटांत फट शोधते. नेमकं काय नको ते एका वाक्यात लिहून काढा. "तुम्ही आमच्या आयुष्यात ढवळाढवळ करता" हे वाक्य नाही, तो आरोप आहे. "येण्याआधी फोन कर" हे वाक्य आहे.

आपल्या आईबापाशी आपणच बोलायचं. बायकोला पुढे करायचं नाही, आणि "तिला आवडत नाही" असं तर चुकूनही म्हणायचं नाही, त्या एका वाक्याने सून दहा वर्षं गुन्हेगार ठरते. "मला असं हवंय" म्हणा, खरोखर तसं हवं असू द्या.

वेळ बघा. पाहुण्यांसमोर नको, नाताळच्या दिवशी नको, उपासनेहून परतताना गाडीत तर नकोच कारण तिथून कोणाला उठून जाता येत नाही. फोनवर मोठा मेसेज लिहून टाकण्यापेक्षा समोर बसा. 1 तीमथ्य 5:1 मधे तीमथ्याला सांगितलंय की वडील माणसाला टाकून बोलू नको, बापासारखं समजून बोध कर. पाळक असलेल्या माणसाला जर परक्या म्हाताऱ्याशी असं बोलायचंय तर आपण सख्ख्या बापाशी कसं बोलायचं ते बघा.

एका वेळी एकच विषय घ्या. किल्लीचं बोलायला गेलात तर किल्लीच, लग्नात काय म्हणाली होतीस ते उकरून काढू नका. आणि प्रत्येक नाही सोबत एक हो द्या, खरा, पाळता येईल असा. मी शेवटी आईला जे म्हणालो ते साधारण असं होतं:

"आई, कुलूप न सांगता बदललं ते चुकलं माझं, तू दारात उभी राहिलीस त्याची मला लाज वाटते. पण किल्ली परत देणार नाही. आम्ही घरात नसताना कोणी आलेलं नको आहे मला. तू शनिवारी ये, मी स्वतः न्यायला येईन, आणि रात्री नऊला रोज फोन करेन."

माफी पद्धतीची मागितली, हद्दीची नाही. हा फरक सांभाळा, कारण अपराधी वाटलं की आपण दोन्ही एकदम परत देऊन टाकतो. आणि नऊचा फोन म्हणजे नऊचा. पहिल्या महिन्यात तो दोनदा चुकला तर तुमची बाउंड्री म्हणजे नुसती टाळाटाळ हे सिद्ध झालं समजा. मत्तय 5:37, तुमचं होय ते होय असू द्या आणि नाही ते नाही, हे आपण नेहमी नाही साठी वापरतो, होय साठीही तेवढंच लागू आहे.

अजून एक, बाउंड्री म्हणजे आईबापाला सुधारायचा प्रोग्राम नाही. ते काय करतील यावर आपला ताबा नसतो, आपण काय करू एवढंच सांगता येतं. "तू माझ्यावर ओरडायचं नाही" हे आपल्या हातात नाही. "आवाज चढला की मी फोन ठेवेन आणि उद्या परत करेन" हे आहे, आणि उद्या खरंच करायचा.

ते चिडतील, रडतील, वचन पाठवतील

धरूनच चाला. माझ्या आईने अकरा दिवस अबोला धरला, मी नऊला फोन करायचो, पप्पा उचलायचे, "ती झोपलीय" म्हणायचे, मागे तिचा आवाज येत असायचा. मी म्हणायचो बरं, उद्या करतो. बाराव्या दिवशी तिने उचलला आणि जणू काही झालंच नाही असं थेट शेजारणीच्या गुडघ्याचं सांगायला लागली. मीही गुडघ्याचंच ऐकलं.

व्हॉट्सॲपवर निर्गम 20:12 आलं तर उलट इफिस 6:4 पाठवायचा मोह होतो, बापांनो चिडीस आणू नका वगैरे. पाठवू नका. वचनाने वचन हाणलं की दोघंही हरतात. काय म्हणायचं तर एवढंच, "हो आई, मान राखायचाच आहे, म्हणूनच तुझ्याशी समोर बसून बोललो."

अपराधी वाटेल, ते वाटणं म्हणजे पाप नव्हे. येशू बारा वर्षांचा असताना मागे राहिला, आईबाप तीन दिवस शोधत होते, मरीया म्हणाली तू आमच्याशी असं का वागलास, आणि दोनतीन वचनांनंतर तो त्यांच्यासोबत नासरेथला जाऊन त्यांच्या आज्ञेत राहिला (लूक 2). मोठा झाल्यावर काना गावातल्या लग्नात आईला म्हणाला माझी वेळ अजून आली नाही, तरी द्राक्षारसाची सोय केलीच. मार्क 3 मधे घरचे त्याला धरून न्यायला आले, त्याचं भान सुटलंय म्हणत, तेव्हा तो उठून बाहेर गेला नाही. आणि वधस्तंभावर असताना त्याच आईला शिष्याच्या हवाली केलं, ही तुझी आई. आई दुखावली गेली म्हणजे मुलाचं चुकलंच असं असतं तर या चार गोष्टी एका माणसाच्या असू शकल्या नसत्या.

बाउंड्रीचा कुर्बान करू नका

आता दुसरी बाजू, जी मला जास्त टोचते. मार्क 7 मधे येशू परूश्यांना, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना, झाडतो ते पाचव्या आज्ञेवरूनच. आईबापाला द्यायचा पैसा कुर्बान, म्हणजे देवाला अर्पण, असं जाहीर केलं की द्यायची जबाबदारी संपली, अशी पळवाट त्यांनी काढली होती. शब्द पवित्र, काम पळपुटं. आज बाउंड्री हा शब्द काही जण तसाच वापरतात. आईला दवाखान्यात न्यायची पाळी आली की "मला माझ्या मनःशांतीची काळजी घ्यायचीय". चर्चच्या कमिटीत आठवड्यातून चार संध्याकाळी आणि बापाकडे महिन्यातून एक फोन, हाही कुर्बानच.

1 तीमथ्य 5 मधे पौल म्हणतो जो स्वकीयांची, विशेषतः घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारलाय, तो अविश्वासणाऱ्यापेक्षा वाईट. त्यामुळे औषधपाणी, म्हातारपणाचा आधार, एकटेपणात सोबत, यावर बाउंड्री नसते, यावर फक्त नियोजन असतं, भावंडांत वाटणी असते, कोण काय करणार याचा कागद असतो. गलती 6 मधे दोन वचनं जवळजवळ आहेत, एकमेकांची ओझी वाहा, आणि प्रत्येकाने आपला भार वाहावा, ग्रीकमधे शब्दही दोन वेगळे आहेत. बापाचं आजारपण हे ओझं, खांदा द्यायचा. बापाने धाकट्याच्या हौसेसाठी काढलेलं कर्ज हा त्याचा भार. तिथे नाही म्हणता येतं, आणि द्यायचंच असेल तर परत येणार नाही असं धरून, बायकोशी ठरवून, एकदाच द्या, उधार म्हणून देऊन पुढे दहा वर्षं मनात व्याज मोजत बसू नका.

आणि प्रार्थनासभेत जपून. "माझ्या आईसाठी प्रार्थना करा, ती फार कंट्रोल करते" असं म्हणून आपण अर्ध्या मंडळीला घरचं नाटक दाखवतो. नोहा दारू पिऊन उघडा पडला तेव्हा हामने बाहेर जाऊन भावांना सांगितलं, आणि शेम आणि याफेथ पाठमोरे चालत आले, वस्त्र टाकलं, बापाकडे बघितलंही नाही. पाळकांशी किंवा समुपदेशकाशी एकांतात बोलणं ही मदत मागणं आहे, ते जरूर करा. सभेत बोलणं ही बातमी आहे.

शौल असेल तर

मारहाण, अत्याचार, धमक्या, तुमच्या मुलांना धोका, हे असेल तर वरची सगळी शनिवार आणि नऊच्या फोनची भाषा इथे लागू नाही. आधी सुरक्षित जागी जा, भरवशाच्या माणसाला सांगा, गरज पडली तर पोलिसांकडे जा. नोहाच्या मुलांसारखं पांघरूण घालायचं ते चुकांवर, गुन्ह्यावर नाही.

शौलाने दावीदावर भाला फेकला होता. दावीद पळाला आणि पळून त्याने काही पाप केलं नाही. गुहेत शौल हाती लागला तेव्हा फक्त झग्याचा काठ कापला, त्याचंही मन खात राहिलं, आणि बाहेर येऊन हाक मारली "माझ्या बापा". 1 शमुवेल 26 मधे परत तेच, पण यावेळी तो पलीकडच्या टेकडीवर, मधे बरंच अंतर ठेवून उभा राहतो आणि तिथून ओरडून बोलतो. शौल म्हणतो माझं चुकलं, माझ्या मुला, परत ये. दावीद त्याचा, रात्री छावणीतून उचलून आणलेला, भाला परत देतो, पण स्वतः नेऊन देत नाही, म्हणतो एखाद्या तरुणाला पाठव, घेऊन जाईल. आणि शेवटचं वचन, दावीद आपल्या वाटेने गेला. माफ केलं, सूड घेतला नाही, बाप म्हटलं, आणि परत गेला नाही. "माफ केलंस ना मग घरी जा" म्हणणारं कोणी भेटलं की त्याला हा अध्याय दाखवा.

रोम 12:18 मधे तुमच्याकडून होईल तितकं सगळ्यांशी शांतीने राहा असं म्हटलंय, तेवढंच आपलं काम.

आमच्याकडे आता किल्ली नाही, बेल आहे. आई शनिवारी येते, मी न्यायला जातो म्हटलं तरी निम्म्या वेळा स्वतःच रिक्षा करून येते, बेल वाजवते, आणि दार उघडेपर्यंत बाहेरूनच माझ्या नावाने दोनदा हाक मारते. आत आली की पहिलं कपाट उघडते. बायको म्हणते, असू दे, आपण घरात आहोत ना.